अल्बर्ट हॉलचा आवाज बेताचा, तरी सिनेमा आणि गाणी तिथेच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनला जाणं होणार आहे आणि रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पडद्यावर सिनेमा अन् समोर प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रा असा कार्यक्रम बघायचा बेत आहे. पण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या एका जाणकारानं सांगितलंय की त्या हॉलचा आवाज काही खास नाही. मग तो एवढा गाजलेला कसा, सिनेमात सारखा तोच का दिसतो, आणि तिकीट कुठल्या भागातलं काढावं?

तुमचे जाणकार बरोबर सांगतायत. मी बरीच वर्षं लाइव्ह साउंडचं काम करतोय. आमच्या धंद्यात या हॉलबद्दल आदर सगळ्यांना आहे, पण भाबडेपणा कुणाला नाही. नुसत्या कानानं गुण द्यायचे तर तो जगातल्या पहिल्या दहा सभागृहांत येणार नाही. गंमत अशी की त्याची कीर्ती आणि त्याचा दोष या दोन्हींचं मूळ एकच आहे: त्याचा आकार. तो लंबगोल आहे, प्रचंड आहे, वर घुमट आहे. बघायला याहून सुंदर जागा मिळणं कठीण, आणि ऐकायला याहून अवघड जागा मुद्दाम बांधायची म्हटली तरी डोकं लावावं लागेल.

आधी तो तसा का बांधला ते बघू. १८५१ च्या लंडनच्या जंगी प्रदर्शनातून बराच नफा उरला. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांची कल्पना होती की त्या पैशातून साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेऊन संग्रहालयं, शिक्षणसंस्था आणि एक मोठं सभागृह उभारावं. अल्बर्ट १८६१ मध्ये वारले. १८६७ मध्ये पायाभरणीच्या वेळी राणीनं सभागृहाच्या नावात त्यांचं नाव घातलं आणि २९ मार्च १८७१ रोजी ते उघडलं. आराखडा कॅप्टन फ्रान्सिस फाउक यांचा, आणि १८६५ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर काम पुरं केलं हेन्री स्कॉट यांनी. दोघेही लष्करातले रॉयल इंजिनियर्स. त्यांच्या डोळ्यांसमोर रोमन रंगमंडलं होती, संगीताची सभागृहं नव्हती. घुमटाचं लोखंडी काम आधी मँचेस्टरला जुळवून पाहिलं, मग सुटं करून लंडनला आणलं. खालचे टेकू काढले तेव्हा घुमट जेमतेम पाव इंचाहून थोडा जास्त खाली बसला. इंजिनियर म्हणून त्या माणसांना सलामच करायला हवा.

पण उद्घाटनाच्या दिवशीच भाषणाचा प्रतिध्वनी लोकांच्या कानावर आला, आणि मग जवळजवळ शंभर वर्षं तो पिच्छा सोडेना. कारण साध्या हिशेबात बसतं. घुमट जमिनीपासून सुमारे ४१ मीटरवर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. व्यासपीठावरून निघालेला एखादा ठोका थेट तुमच्यापर्यंत येतो, आणि त्याचाच दुसरा हिस्सा वर जाऊन, घुमटावर आपटून, जवळपास पाऊण शे मीटर जास्त फिरून पुन्हा तुमच्याकडे येतो. म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाहून जास्त उशीर. बोलण्याच्या बाबतीत सेकंदाच्या विसाव्या भागापर्यंतचा उशीर आपला कान खपवून घेतो, त्याला ते सगळं एकच वाटतं. संगीताला तो थोडी जास्त सवलत देतो. त्यापलीकडे गेलं की दुसरा ठोका वेगळा ऐकू येतो. त्यात घुमटाची आतली बाजू अंतर्वक्र, भिंतीही वळलेल्या. अंतर्वक्र पृष्ठभाग आवाज विखुरत नाही, गोळा करून एखाद्या ठिकाणी फेकतो. म्हणून एका खुर्चीवर सगळं ठीक आणि चार खुर्च्या पलीकडे प्रत्येक टाळी दोनदा, असा प्रकार व्हायचा. ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकू येण्याची हमी फक्त इथेच, असा एक विनोद इंग्लिश संचालक सर थॉमस बीचम यांच्या नावावर खपतो.

आकारमानाचा अंदाज यावा म्हणून व्हिएन्नाच्या म्यूझिकफेराइनचं उदाहरण घ्या. ते १८७० मध्ये, म्हणजे अल्बर्ट हॉलच्या एकच वर्ष आधी उघडलं, आणि आजही आवाजाच्या बाबतीत त्याचं नाव पहिल्या दोन-तिनांत घेतात. त्याच्या मुख्य दालनाची आतली पोकळी साधारण १५,००० घनमीटर. अल्बर्ट हॉलची ८६,००० हून जास्त. व्हिएन्नाचं दालन अरुंद, लांबट, काटकोनी. बाजूच्या भिंती जवळ असल्यानं त्यांच्यावरून परतलेला आवाज कानाला भरीव वाटतो. अल्बर्ट हॉलमध्ये भिंत इतकी लांब की तिची मदत पोचेपर्यंत पुढचा सूर सुरू झालेला असतो.

उपाय खूप झाले. सुरुवातीला घुमटाखाली कापडाचं मोठं छत ताणलं. १९४९ मध्ये ते काढून काचेखाली ॲल्युमिनियमचे पन्हाळीदार पत्रे बसवले. खरा फरक पडला १९६९ मध्ये, जेव्हा फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या छतातून लोंबत्या ठेवल्या. तिथे त्यांना मश्रूम म्हणतात. फोटोत दिसणाऱ्या त्या निळसर-जांभळ्या उजेडातल्या बशा म्हणजे सजावट नव्हे. वर जाणारा आवाज घुमटापर्यंत पोचण्याआधी त्या अडवतात आणि विखरून लवकर खाली पाठवतात. आधी त्या जास्त होत्या. नंतर मोजमापं घेऊन काही काढल्या आणि आता ८५ आहेत. मुळातला प्रतिध्वनी जवळजवळ गेला. निनाद मात्र राहिला, आणि तो राहणारच. एवढ्या पोकळीत सूर विरायला वेळ लागतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जे संगीत मुळातच दांडगं आहे, त्याला हा हॉल शोभतो. मोठा गायकवृंद, ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यं, ऑर्गन. इथला ऑर्गन हेन्री विलिस यांनी १८७१ मध्ये बांधला, पुढे त्याची दोनदा मोठी डागडुजी झाली, आणि आज त्यात ९,९९९ नळ्या आहेत. १८७१ मध्येच ऑस्ट्रियन संगीतकार आंतोन ब्रुकनर तो वाजवायला आले होते. १८७५ मध्ये व्हेर्दी यांनी आपल्या रेक्विएमचं, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेवरच्या रचनेचं, संचालन इथे केलं, १८७७ मध्ये वॅग्नर आले. या तिघांचं संगीत भव्य होतं, हा योगायोग मानायला मी तयार नाही. मोझार्टच्या चौघांच्या तंतुवाद्य मेळाला मात्र इथे बसवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. आणि त्याच ऑर्गनवर १९६७ मध्ये अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झापा यांच्या मेळातल्या एका वादकानं मैफल चालू असताना चढून तीन-चार स्वरांचं एक बाजारू रॉक गाणं ठोकलं होतं. त्याचं रेकॉर्डिंग आहे. चार वर्षांनी झापांचा ठरलेला कार्यक्रम हॉलनं अश्लीलतेचं कारण देऊन रद्द केला, झापा कोर्टात गेले आणि हरले.

मग प्रॉम्सचं काय, असं तुमचे जाणकार विचारतील. प्रॉम्स ही उन्हाळ्यातली आठ आठवड्यांची मैफलमाला १८९५ मध्ये क्वीन्स हॉलमध्ये सुरू झाली. त्या हॉलच्या आवाजाचं जुने लोक फार कौतुक करत. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बनं तो जळाला. प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आल्या त्या नाइलाजानं, आणि मग तिथेच रुजल्या. का? कारण इथे मधल्या गोल मैदानात शेकडो माणसं उभी राहून ऐकतात, आणि बाकीचे हजारो त्यांना बघतात. खुद्द बीबीसीच्या रेडिओवर त्याच मैफलीचा आवाज बऱ्याचदा सभागृहातल्या निम्म्या खुर्च्यांपेक्षा स्वच्छ येतो, कारण मायक्रोफोन वाद्यांच्या जवळ असतो. तरी लोक जातात. यातच तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे.

अल्बर्ट हॉलमध्ये कुठेही बसा, समोर व्यासपीठ दिसतं आणि त्याच्या भोवती, वर, पलीकडे माणसंच माणसं दिसतात. साधारण ५,२०० जणांची जागा, थरांवर थर: मधलं मैदान, मग स्टॉल्स, मग बॉक्सचे लाल पडद्यांचे मजले, सर्कल, आणि सगळ्यात वर उभं राहायची गॅलरी. नेहमीच्या नाट्यगृहात अंधारात समोरच्याच्या मानेखेरीज काही दिसत नाही. इथे प्रेक्षक स्वतःच दृश्याचा भाग असतो. कॅमेऱ्याला नेमकं हेच हवं असतं. संगीताची मैफल पडद्यावर दाखवणं फार अवघड काम आहे. वाजवणारी माणसं खुर्चीवर बसलेली, हालचाल कोपरापुरती. दिग्दर्शकानं कॅमेरा न्यायचा कुठे? या हॉलमध्ये तो कुठेही वळवा, चौकट भरलेलीच.

आल्फ्रेड हिचकॉक यांना हे सगळ्यांच्या आधी कळलं. त्यांच्या १९२७ च्या ‘द रिंग’ या मूकपटात शेवटची मुष्टियुद्धाची लढत अल्बर्ट हॉलमधली आहे. पुढे १९३४ चा ‘द मॅन हू न्यू टू मच’ आणि त्याच कथेवर त्यांनीच १९५६ मध्ये पुन्हा केलेला सिनेमा, दोन्हींचा कळस इथे आहे. कथा अशी की एका परदेशी मुत्सद्द्याला भर मैफलीत गोळी घालायची आहे आणि ती झांजांच्या एकाच मोठ्या ठोक्यावर झाडायची, म्हणजे बार कुणाला ऐकू येणार नाही. १९३४ मध्ये एवढी गर्दी जमवणं परवडणारं नव्हतं, म्हणून बराचसा प्रेक्षकवर्ग चित्रात रंगवून आरशाच्या युक्तीनं चौकटीत आणला. १९५६ मध्ये ही अडचण नव्हती. तिथे सुमारे बारा मिनिटं एकही संवाद ऐकू येत नाही, फक्त आर्थर बेंजामिन यांची १९३४ च्या सिनेमासाठी लिहिलेली रचना वाजते. दुसऱ्या सिनेमाचे संगीतकार बर्नार्ड हर्मन यांना नवी रचना करायची मुभा होती. त्यांनी जुनीच ठेवली, वाद्यमेळ वाढवला आणि पडद्यावर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं संचालन करताना स्वतःच दिसले.

माझ्या धंद्याच्या नजरेनं हा प्रसंग बघा, फार शिकवतो. झांजवाला पाच-सहा वेळा दाखवलाय, काही न करता बसलेला. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात झांजवाल्याचं काम खरंच असं असतं: शंभर माणसं वाजवतायत आणि हा मात्रा मोजत बसलाय. प्रेक्षकाला आधीच ती ओळ ऐकवून ठेवलेली असते, त्यामुळे ठोका कधी येणार हे आपल्याला माहीत असतं आणि बॉक्समधल्या मुत्सद्द्याला नसतं. मैदानातून बॉक्स दिसतो, बॉक्समधून व्यासपीठ दिसतं, दारातून सगळंच दिसतं. लांबट, काटकोनी दालनात हा प्रसंग असा रचताच आला नसता. एक बारीक शंका मात्र मनात राहतेच. त्या काळच्या घुमटाखाली झांज आणि बंदुकीचा बार जुळला असता तरी दोन्हींचा प्रतिध्वनी मागून आला असता, आणि कटवाल्यांचा बेत तिथेच उघडा पडला असता.

प्रसिद्धीचा दुसरा भाग नुसत्या नावाचा आहे. तो जरा हास्यास्पद आहे म्हणून सांगतो. बॉब डिलन यांचं १९६६ मधलं एक रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं चोरून विकलं जायचं, ‘रॉयल अल्बर्ट हॉल कॉन्सर्ट’ या नावानं. प्रेक्षकांतून कुणीतरी विश्वासघातकी म्हणून ओरडतो, तेच ते. प्रत्यक्षात ती मैफल मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली. १९९८ मध्ये कंपनीनं अधिकृतपणे काढताना चुकीचं नाव तसंच ठेवलं, फक्त अवतरणचिन्हांत टाकलं. अल्बर्ट हॉलमधली त्या वर्षीची खरी मैफल २०१६ मध्ये बाहेर आली. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकी बँडची १९८० मध्ये याच हॉलच्या नावानं तबकडी निघाली आणि मग कळलं की ते रेकॉर्डिंग कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं आहे. नाव बदलावं लागलं. खरं अल्बर्ट हॉलचं रेकॉर्डिंग २०२२ पर्यंत पेटीतच होतं. सिनेमातही तसंच. १९९६ च्या ‘ब्रास्ड ऑफ’मध्ये खाणकामगारांचा ब्रास बँड अंतिम फेरीला अल्बर्ट हॉलमध्ये वाजवतो, पण तो प्रसंग बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये चित्रित केलाय. नाव घेतलं की बँड शिखरावर पोचला, एवढं प्रेक्षकाला समजतं. भिंती कुठल्या का असेनात.

रॉकवाल्यांचा आणि या हॉलचा संसार कुरबुरींचाच. १९६३ मध्ये बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स एकाच कार्यक्रमात वाजवून गेले. १९६५ मध्ये डी. ए. पेनेबेकर यांनी डिलन यांच्या इंग्लंड दौऱ्यावर केलेल्या माहितीपटाचा शेवट इथल्या मैफलीवर आहे. २६ नोव्हेंबर १९६८ ला क्रीम या त्रयीचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तोही चित्रित झाला. जानेवारी १९७० मधलं लेड झेपलिनचं चित्रण २००३ मध्ये लोकांसमोर आलं. हे सगळं बघायला अप्रतिम. ऐकताना एक लक्षात ठेवा की रेकॉर्डिंगमध्ये मायक्रोफोन ड्रमच्या आणि ॲम्पच्या (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेटीच्या) तोंडाशी असतात, म्हणून हॉल अर्धाच ऐकू येतो. त्या दिवशी वर गॅलरीत उभ्या असलेल्याला काय ऐकू आलं असेल? ड्रमचा एक ठोका, मग त्याचं भूत, आणि गाण्याचे शब्द गेले वाऱ्यावर. क्रीमचे तेच तिघे २००५ मध्ये पुन्हा इथे चार रात्री वाजवून गेले. दोन्ही चित्रणं पाठोपाठ बघा. वाजवणारे म्हातारे झालेत हे पहिल्यांदा जाणवेल, आणि सूर किती सुटे ऐकू येतात हे लगेच दुसऱ्यांदा. मधल्या ३७ वर्षांत छतातल्या तबकड्या आल्या, स्पीकर बदलले, आणि मंचावरचे ॲम्पही लहान झाले. त्यांच्यातल्या एरिक क्लॅप्टन यांनी इथे दोनशेहून जास्त कार्यक्रम केलेत. त्यांना विचारलं तर ते माझ्यापेक्षा मऊ बोलतील.

आपल्या वाचकांना माहीत असेलच, १९७४ मध्ये लता मंगेशकर इथे गायल्या. दिलीपकुमार यांनी मंचावरून त्यांची ओळख करून दिली आणि एचएमव्हीनं पुढे त्या मैफलीच्या तबकड्या काढल्या. त्या ऐकताना माझं लक्ष कायम एका गोष्टीकडे जातं. स्टुडिओत घडलेलं गाणं, जिथे श्वाससुद्धा मायक्रोफोनच्या अंतरानं मोजलेला, ते पाच हजारांच्या घुमटाखाली उभं करायचं म्हणजे काय असतं! एवढ्या निनादात हलका, स्वच्छ लागलेला आवाज जड आवाजापेक्षा नीट पोचतो, कारण तो मागच्या सुराच्या शेपटीत अडकत नाही. त्या आवाजाला हॉलशी झगडावं लागलं नाही, असं मला रेकॉर्डिंगवरून वाटतं.

आता तुमच्या कार्यक्रमाकडे येतो. याचं बीज मला १९६९ मध्ये दिसतं. त्या सप्टेंबरमध्ये डीप पर्पल हा रॉक बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा यांनी जॉन लॉर्ड यांची रचना माल्कम अर्नोल्ड यांच्या संचालनाखाली इथे एकत्र वाजवली, आणि तीही चित्रित झाली. विजेवर चालणारं वाद्य आणि लाकडाचं वाद्य एका तराजूत कसं तोलायचं, हा प्रश्न तिथे उघड्यावर आला. सिनेमा-ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात तोच प्रश्न दुपटीनं येतो, कारण एका बाजूला संवाद, स्फोट, पावलं असा छापून आलेला आवाज आणि दुसऱ्या बाजूला जिवंत माणसं.

इथे ही पद्धत जोरात सुरू झाली ती २००९ मध्ये, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागानं. लुडविग विकी या स्विस संचालकानं आदल्या वर्षी लुझर्नमध्ये हा प्रयोग केला होता आणि अल्बर्ट हॉलमध्येही संचालन त्यांचंच होतं. मग ‘ग्लॅडिएटर’ आला. २०१५ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ झाला, त्याला संगीतकार जेम्स हॉर्नर हजर होते. दोनच महिन्यांनी त्यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. २०१७ मध्ये ‘कसिनो रॉयाल’. शिवाय बाँडपटांचे पहिले खेळही इथे होतात: २००२, २०१२, २०१५, २०२१. त्यामुळे या हॉलला पडदा नवा नाही.

पडद्यामागे काय चालतं ते सांगतो. निर्मात्याकडून सिनेमाची अशी प्रत येते जिच्यात संवाद आणि इतर आवाज आहेत, पण पार्श्वसंगीत नाही. आजच्या सिनेमात हे थर वेगवेगळे जपलेले असतात, म्हणून सोपं. जुन्या सिनेमात तिन्ही एकाच पट्टीवर मिसळलेले असले की संवादातून संगीत खरवडून काढणं म्हणजे जीव काढणारं काम. संचालकासमोर छोटा पडदा असतो. त्यावर सिनेमा दिसतो आणि त्याच्यावरून उभी रंगीत रेघ डावीकडून उजवीकडे सरकते. ती कडेला पोचली की ठिपका लखकन चमकतो: हा ठोका इथे पडलाच पाहिजे. ही युक्ती हॉलिवूडच्या स्टुडिओंत १९३० च्या दशकापासूनची, आल्फ्रेड न्यूमन यांच्या नावानं ओळखली जाते. काही संचालक त्यावरच चालतात, काहींना कानात क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक, हवा असतो, आणि वेगवान प्रसंगांत तालवाद्यवाल्यांनाही क्लिक देतात. मला विचाराल तर नुसत्या रेघेवर चालणारा संचालक जास्त रंगवतो. क्लिकवर सगळं बिनचूक जुळतं, पण सुराला मध्ये श्वास घ्यायला जागा उरत नाही.

आणि सिनेमा थांबत नाही. गायकानं समेवर यायला एक मात्रा जास्त घेतली तर साथीदार सांभाळून घेतो. इथे पडद्यावरच्या नटाला तुमची पर्वा नाही. शिवाय मूळ संगीत स्टुडिओत दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये चहा पीत रेकॉर्ड झालेलं असतं. तेच सलग अडीच-तीन तास वाजवायचं म्हणजे तुताऱ्या आणि हॉर्नवाल्यांच्या ओठांची परीक्षा. म्हणून असे कार्यक्रम बघताना दुसऱ्या अंकातल्या ब्रासकडे लक्ष द्या. मेळ कसलेला आहे की नाही ते तिथे कळतं.

आमचं मुख्य दुखणं संवाद. निनादात स्वर खपतो, व्यंजन मरतं. प, त, क हे क्षणभराचे आवाज मागच्या सुराखाली गाडले जातात. म्हणून बहुतेक वेळा इंग्रजी सिनेमालाही खाली इंग्रजी अक्षरं दाखवतात. त्याची चीड येऊ देऊ नका, तो प्रामाणिकपणा आहे. आवाज वाढवणं हा उपाय नाही, कारण वाढवलेला आवाज घुमटही ऐकतो आणि तेवढाच परत करतो. खरा उपाय स्पीकर श्रोत्याच्या जवळ नेण्याचा. २०१९ मध्ये हॉलनं पूर्ण ध्वनिव्यवस्था बदलली आणि ४६५ स्पीकर बसवले. एवढे कशाला? मंचाच्या दोन बाजूंना मोठे थवे टांगून सगळीकडे फेकण्याऐवजी प्रत्येक थराला जवळून, हळू आवाजात वाढायचं. प्रत्येक स्पीकरला मोजून उशीर द्यायचा, म्हणजे जवळच्या पेटीतून आलेला आवाजही मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. छताकडे जाणारा वाया आवाज जितका कमी, तितके शब्द सुटे. पूर्वी बॉक्समध्ये मागे बसलेल्याला शब्द ऐकू येणं नशिबावर होतं.

संगीतिकेचंही उदाहरण आहे. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ला २५ वर्षं झाली तेव्हा, ऑक्टोबर २०११ मध्ये, ती इथे सादर करून सिनेमागृहांत थेट दाखवली. या नाटकाची ओळखच मुळी कोसळणारं झुंबर. इथे ते कोसळत नाही, ठिणग्या उडतात आणि दिवे जातात. नेहमीच्या नाट्यगृहासारखी वर सामान ओढून घ्यायची सोय या हॉलमध्ये नाही, आणि घुमट झाकायचाही नसतो. पण कॅमेऱ्यानं मागे येऊन सगळा गोल दाखवला की झुंबराची उणीव कुणाला भासत नाही.

तिकिटाचं आता. सिनेमाच्या कार्यक्रमाला व्यासपीठाच्या समोरासमोरचे स्टॉल्स किंवा सर्कलचा मधला भाग घ्या. अगदी बाजूच्या जागांवरून पडदा तिरका दिसतो, आणि आवाज एका कानाला जास्त येतो. व्यासपीठामागच्या, गायकवृंदाच्या जागा अशा वेळी पडद्याच्या पाठीमागे जातात, त्यामुळे त्यांचा विचारच नको. बॉक्स दिसायला राजेशाही, पण मागच्या खुर्चीवर छत डोक्यावर येतं. पुढच्या दोन खुर्च्या मिळत असतील तरच घ्या. मैदानातल्या पहिल्या काही रांगांत वाद्यं थेट ऐकू येतात, पण मान दुखेल. शिवाय तिथे व्हायोलिन जवळ आणि स्पीकर लांब, त्यामुळे संवाद आणि संगीत दोन ठिकाणांहून आल्यासारखं वाटतं.

विकत घेताना एक खास गोष्ट ध्यानात ठेवा. बांधकामाला पैसे उभे करायला त्या काळी ९९९ वर्षांच्या करारानं खुर्च्या विकल्या होत्या, आणि आजही बाराशेहून जास्त खुर्च्या खासगी मालकीच्या आहेत. काही मालक आपल्या जागेची तिकिटं बाहेर चढ्या भावानं विकतात, त्यावरून वादही बरेच झालेत. म्हणून आधी हॉलच्या स्वतःच्या तिकीट खिडकीवर बघा. तिथे कार्यक्रम संपलेला दिसला तरी परत आलेली तिकिटं शेवटच्या दिवसांत पुन्हा विक्रीला येतात.

श्रेयनामावली सुरू झाल्यावर उठू नका. सिनेमागृहात लोक तेव्हा दाराकडे धावतात. इथे त्या वेळी संवाद संपलेले असतात, जुळवायची दृश्यं संपलेली असतात, आणि ऑर्केस्ट्रा पहिल्यांदाच मोकळा वाजतो. त्या आठ-दहा मिनिटांत ध्वनियंत्रणेवरचा माणूस स्पीकर बरेच खाली आणतो आणि नुसता हॉल ऐकू येतो, तुमच्या जाणकारांना न आवडणारा तोच. आणि त्याच दौऱ्यात उन्हाळा असेल तर प्रॉम्सचं उभं राहायचं स्वस्त तिकीट काढून एखादी ऑर्गन असलेली मैफल वर गॅलरीतून ऐका. तिकडे रेलिंगला टेकून बसून ऐकणारेही बरेच असतात, संकोच करू नका.